वाहत्या नाकाची कैफियत

पावसाची पहिली झड ओसरली की घरोघरी एक ठरलेली मैफल सुरू होते. धाकटा शिंकत असतो, थोरली नाक शिंकरत असते, रात्री दोनच्या सुमारास आजोबांचा खोकला तारसप्तकात जातो आणि स्वयंपाकघरात आल्याचा नाहीतर गवती चहाचा वास दरवळत असतो. अशा घरात सल्ल्यांची वानवा कधीच नसते. शेजारच्या काकू वाफारा घ्यायला सांगतात. ऑफिसातले स्नेही हमखास गुणाच्या गोळीचे नाव चिठ्ठीवर लिहून देतात. गावाकडचे भावजी मोबाइलवर काढ्याची कृती पाठवतात. तीत अकरा जिन्नस असतात आणि त्यांतले चार बाजारात मिळत नाहीत. कोपऱ्यावरचा औषध दुकानदार तर काही विचारण्याच्या आत गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून तीन दिवसांचा 'कोर्स' पुडीत घालून मोकळा होतो.

या सगळ्या धांदलीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. नाक वाहते ते नेमके कोणामुळे?

विषाणूमुळे, असे कोणीही सांगेल. उत्तर अर्धेच बरोबर आहे. पडसे आणणाऱ्या विषाणूंचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांत सर्वांत मोठे खानदान 'राइनोव्हायरस'चे. हा विषाणू नाकाच्या आतल्या अस्तराची फारशी नासधूस करीत नाही. थोड्याशा पेशींत तो शिरतो, तिथे आपली पिलावळ वाढवतो, एवढेच. मग घसा खवखवतो, नाक चोंदते, डोके जड होते, शिंकांवर शिंका येतात आणि रुमाल पुरत नाहीत, हा सारा संसार कोण मांडतो? तो आपले शरीरच मांडते. पडसे म्हणजे विषाणूने आपल्याला केलेला उपद्रव असे आपण समजतो. पण त्याचा मोठा भाग म्हणजे आपण विषाणूला केलेला विरोध आहे. इन्फ्लुएंझा ऊर्फ फ्ल्यूचे प्रकरण याहून दांडगे. तो श्वासमार्गाच्या पेशी खरोखरच मारतो. तरी तिथेही ताप, अंगदुखी, थंडी वाजणे आणि अंथरुणातून उठू न वाटणे ही बरीचशी आपल्याच प्रतिकारयंत्रणेची करणी असते.

ही गोष्ट एकदा नीट समजली की औषधांच्या दुकानातला आपला अर्धा खर्च आणि मनातली बरीचशी धास्ती कमी होण्यासारखी आहे. म्हणून आज वाहत्या नाकाची बाजू मांडावी म्हणतो. तिला वकील मिळत नाही.

घटनाक्रम असा असतो. बोटांवरून किंवा शिंकेच्या तुषारांतून विषाणू नाकाशी नाहीतर डोळ्यांशी पोहोचतो. पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या खुंटीला तो लटकतो आणि आत शिरतो. आता त्या पेशीचे काही खरे नसते. पण ती गपगुमान मरत नाही. आपल्या पोटात परक्याचा मजकूर आला आहे हे तिला काही तासांत उमगते आणि ती एक रसायन बाहेर सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. चाळीत एका बिऱ्हाडात चोर शिरला आणि त्या बाईने भिंतीवर थापा मारून शेजाऱ्यांना उठवावे, तसेच हे. शेजारणी लगेच दाराला कड्या घालतात. म्हणजे विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येऊ नयेत अशी आतली यंत्रसामग्री त्या बंद करून ठेवतात.

या रसायनाचे नाव इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमधील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी ते शोधले. कोंबडीच्या अंड्यातील पापुद्र्यावर त्यांनी उष्णतेने निकामी केलेले फ्ल्यूचे विषाणू टाकले आणि त्यातून निघालेला द्रव ताज्या पापुद्र्याला लावला. ताज्या पापुद्र्यावर मग जिवंत विषाणूही वाढेना. त्या द्रवात विषाणूच्या कामात अडथळा आणणारे काहीतरी होते, म्हणून नाव इंटरफेरॉन.

सर्दीवर आता रामबाण औषध मिळाले, असे पुढे पुष्कळांना वाटले. इंग्लंडात सॅलिसबरीजवळ १९४६ पासून 'कॉमन कोल्ड युनिट' नावाची एक अजब संस्था चालत असे. तिथे धडधाकट माणसे आपखुशीने दहा दिवस राहायला येत, त्यांच्या नाकात विषाणूंचे थेंब घातले जात आणि मग पुढे काय होते ते शास्त्रज्ञ मोजत. वापरलेले रुमाल वजन करून ठेवणे हा तिथल्या कामाचाच भाग! या संस्थेत आणि इतरत्रही नाकात इंटरफेरॉन फवारण्याचे प्रयोग झाले. सर्दी टळली, हे खरे. पण फवारा काही दिवस चालू ठेवला की माणसांचे नाक चोंदू लागे, शेंबडात रक्ताचे तार दिसत. थोडक्यात, सर्दी टाळण्याच्या औषधाने सर्दीच होई. काविळीच्या काही प्रकारांत इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जात, तेव्हाही रुग्णांना हुडहुडी भरे, ताप येई, अंग मोडून येई. डॉक्टर त्याला फ्ल्यूसारखी लक्षणे म्हणत. तिथे फ्ल्यूचा एकही विषाणू नव्हता, फक्त गजर वाजत होता.

नाकाचेही तसेच. लढाईच्या जागी रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव झिरपतो, पांढऱ्या पेशी वाट काढत तिथे जमतात. फुगलेल्या अस्तराला आपण चोंदलेले नाक म्हणतो, झिरपलेल्या द्रवाला वाहते नाक. या कामी ब्रॅडीकायनिन नावाचे रसायन पुढाकार घेते. विषाणू नसताना नुसते हे रसायन नाकात फवारले, तरी नाक चोंदते आणि घसाही दुखतो, हे प्रयोगांती दिसले आहे.

आता शेंबडाच्या रंगाविषयी. रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी हा विषय काढल्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो, पण हा रंग आपल्याकडे फार मोठ्या गैरसमजाचे मूळ आहे. पहिले दोन दिवस पाण्यासारखे वाहणारे नाक तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळे-हिरवे होते आणि घरात घबराट उडते. 'आता इन्फेक्शन झाले, आता अँटीबायोटिक हवेच.' वास्तविक तो हिरवेपणा आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. न्यूट्रोफिल नावाच्या पेशींत जंतू मारण्यासाठी एक विकर असते आणि त्याचा रंगच हिरवा. भरपूर पेशी लढून खर्ची पडल्या की रंग उतरतो. त्यावरून जिवाणूंची लागण सिद्ध होत नाही. तिसऱ्या दिवशी हिरवट झालेले नाक सातव्या दिवशी आपोआप स्वच्छ होते. मधल्या काळात अँटीबायोटिक घेतले असेल तर श्रेय मात्र त्याच्या खात्यावर जमा होते.

ताप हा तर याहून जुना आरोपी. मेंदूच्या तळाशी शरीराचे तापमान राखणारे एक केंद्र आहे. प्रतिकारपेशींकडून निरोप आला की तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि हे केंद्र आपली खूणगाठ सदतीसवरून एकोणचाळीस अंशांवर नेऊन ठेवते. आता शरीर 'गार' ठरते, म्हणून हुडहुडी भरते, आपण गोधडी ओढून घेतो. पॅरासिटामॉल ही खूणगाठ खाली आणते, म्हणून घाम सुटतो आणि बरे वाटते. पण ताप शरीर मुद्दाम आणते की ती नुसती चुकून तापलेली भट्टी आहे?

याचे एक फार सुंदर उत्तर सरड्यांनी दिले. अमेरिकेत मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली वाळवंटी इग्वानांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. या प्राण्यांना स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करता येत नाही. उन्हात बसले की तापतात, सावलीत गेले की निवतात. त्यांना जिवाणूंची लागण केली तेव्हा ते आपण होऊन अधिक ऊबदार जागी जाऊन बसू लागले, असे आधीच दिसले होते. मग काहींना मुद्दाम ऊबदार तर काहींना गार जागी कोंडून ठेवले. ऊबदार जागी ठेवलेले बहुतेक वाचले, गार जागी ठेवलेले बहुतेक मेले. ताप यावा म्हणून सरडा चालत उन्हात जातो. आपण मात्र शंभरावर पारा गेला की लगोलग गोळी शोधतो.

याचा अर्थ पोराला एकशे तीन ताप असताना हातावर हात ठेवून बसावे असा नव्हे. तापाने मूल मलूल झाले, पाणीसुद्धा घेईना, तर पॅरासिटामॉल जरूर द्यावे. मुलांना फ्ल्यूमध्ये अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नये. त्यातून यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा 'राय सिंड्रोम' उद्भवू शकतो. गोळी ही पेशंटच्या सुखासाठी द्यायची असते, थर्मामीटरच्या समाधानासाठी नव्हे, एवढेच म्हणणे आहे.

आता मूळ वादाकडे येतो. २०२० च्या वसंतात करोनाची साथ आली आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र कानाकोपऱ्यात पोहोचला. च्यवनप्राशापासून बिस्किटापर्यंत, अंथरुणाच्या गादीपासून भिंतीच्या रंगापर्यंत सगळ्यांनी त्याचा आश्रय घेतला. साथ ओसरली, मंत्र राहिला. आजही पावसाळा तोंडावर आला की जाहिराती सुरू होतात. गंमत अशी की त्याच दुकानात, त्याच गल्ल्यावर, एका हाताने प्रतिकारशक्ती वाढवणारे चाटण आणि दुसऱ्या हाताने नाक बंद करणारी, ताप उतरवणारी, म्हणजे त्याच प्रतिकारशक्तीची लक्षणे दाबणारी गोळी विकली जाते. आणि आपण दोन्ही घेऊन येतो.

प्रतिकारशक्ती ही पाण्याची टाकी नव्हे, की जितकी भरली तितकी बरी. तिच्यात वेळेला महत्त्व आहे, नेमकेपणाला आहे आणि लढाई संपल्यावर शस्त्रे खाली ठेवण्यालाही आहे. करोनानेच याचा दोन्ही बाजूंनी पुरावा दिला. जिवावर बेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. म्हणजे सुरुवातीचा गजरच वाजला नव्हता. उलट, जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारे जे स्वस्त औषध हाती लागले, ते होते डेक्सामेथासोन. ते स्टेरॉइड आहे आणि त्याचे कामच मुळी प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणे हे. देशभर लोक प्रतिकार वाढवण्यासाठी काढे उकळत होते तेव्हा अतिदक्षता विभागात तो आवरण्याची शर्थ चालली होती! ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र या औषधाचा फायदा दिसला नाही. तरीही २०२१ मध्ये ते आपल्याकडे सर्रास दिले गेले, मधुमेहींची साखर चढली आणि म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे आणि जबडे नेले.

जुन्या लोकांच्या आठवणीत 'मानमोडी' म्हणून जी साथ आहे ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची. मुंबईत ती जूनमध्ये दिसली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उलटून आली ती काळ होऊनच. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत माणसे नेली असे निरनिराळे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे हे मुख्य कारण. साध्या फ्ल्यूमध्ये म्हातारे आणि तान्ही मुले दगावतात. त्या साथीत वीस ते चाळीस वयाची, घर चालवणारी माणसे फार गेली. कित्येकांचा मृत्यू नंतर जडलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाला, तेव्हा अँटीबायोटिके नव्हती. पण तरण्याताठ्यांचीच गठडी का वळली, याच्या उत्तरात त्यांच्या जोमदार प्रतिकाराने स्वतःच्याच फुप्फुसांत माजवलेला गोंधळ हेही एक कारण मानले जाते.

त्या साथीतून वाचलेल्यांची एक गोष्ट मला फार आवडते. नव्वद वर्षांनी, म्हणजे २००८ साली, अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक्याण्णव ते एकशे एक वर्षे वयाच्या बत्तीस वृद्धांचे रक्त तपासले. ही माणसे १९१८ मध्ये लहान मुले होती. त्यांच्या रक्तात त्या जुन्या विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे होतीच, शिवाय काहींच्या शरीरात ती नव्याने तयार करू शकणाऱ्या स्मृतिपेशीही मिळाल्या. नातवंडांची नावे विसरणाऱ्या वयात रक्ताला शत्रूचा चेहरा पाठ होता. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्ल्यूने देशातला पहिला बळी घेतला आणि शहर तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले. तेव्हा डॉक्टरांना आश्चर्य वाटत होते की साठीच्या पुढच्यांना हा आजार तुलनेने कमी होतो आहे. कारण तेच. १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते. ज्यांनी बालपणी त्यांचा मार खाल्ला होता, त्यांच्या रक्ताने या नव्या पाहुण्यातली जुनी चेहरेपट्टी ओळखली.

मग इतकी दांडगी स्मरणशक्ती असूनही सर्दी वर्षातून दोन-तीनदा आणि शाळकरी मुलांना सहा-आठदा का होते? कारण राइनोव्हायरसचेच एकशे साठाहून अधिक प्रकार आहेत. एकाची ओळख दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. वर्गात चाळीस मुले असतात आणि प्रत्येक जण घरून वेगळा विषाणू डब्यासारखा घेऊन येतो. बालवाडीत घातल्यापासून मूल सारखे आजारी पडते, त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे काय, असा प्रश्न घेऊन आया डॉक्टरांकडे जातात. वजन वाढत असेल, मधल्या दिवसांत मूल हुंदडत असेल, तर उत्तर बहुधा असे असते की त्याची शाळा दोन ठिकाणी चालू आहे, एक वर्गात आणि एक रक्तात.

फ्ल्यूचा विषाणू बहुरूपी. त्याच्या अंगावरची प्रथिने दरवर्षी थोडी थोडी बदलतात, म्हणून जुनी ओळख अपुरी पडते. क्वचित पक्ष्यांच्या किंवा डुकरांच्या विषाणूशी जनुकांची अदलाबदल करून तो अगदीच नव्या सोंगात येतो आणि जगभर साथ पसरते. कोणत्याही माणसावर आयुष्यात पहिल्या आलेल्या फ्ल्यूचा ठसा कायमचा उमटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की बर्ड फ्ल्यूचा कोणता प्रकार कोणाला जास्त बाधतो हे बऱ्याच अंशी जन्मसालावर ठरते. १९६८ च्या आधी जन्मलेल्यांना एकापासून संरक्षण, नंतरच्यांना दुसऱ्यापासून. पत्रिका जुळवणाऱ्यांनी याचा गैरफायदा घेऊ नये.

आणि कानटोपी? थंडीने सर्दी होते का, हा आजी विरुद्ध डॉक्टर असा जुना खटला आहे. सॅलिसबरीच्या संस्थेत ओल्या कपड्यांत वाऱ्याच्या झोतात माणसे उभी करूनही त्यांना सर्दी जास्त झाली नाही, तेव्हा डॉक्टर जिंकले. २००५ साली वेल्समधील कार्डिफच्या संशोधकांनी एकशे ऐंशी जणांवर प्रयोग केला आणि ज्यांचे पाय वीस मिनिटे थंड पाण्यात बुडवले होते, त्यांनी पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दीची तक्रार जास्त केली. २०१५ मध्ये येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासमार्गातील पेशींवर असे दिसले की तेहतीस अंशांना, म्हणजे थंड नाकाच्या तापमानाला, इंटरफेरॉनचा गजर सदतीस अंशांच्या मानाने मंद वाजतो. तेव्हा आजीचे अपील अजून दाखल आहे असे म्हणावे. विषाणूवाचून नुसत्या गारठ्याने मात्र कोणाला पडसे होत नाही.

मग करायचे काय? काढ्याला माझा विरोध नाही. सुंठ, आले, तुळस घालून केलेले गरम पाणी घशाला बरे वाटते. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री चमचाभर मध दिला तर खोकला थोडा निवतो, याला पुरावाही आहे (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये). आजारी माणसासमोर मऊ भात, मेतकूट आणि तूप आले की निम्मे दुखणे पळते, हे प्रयोगशाळेत सिद्ध होण्याची मी वाट पाहणार नाही. 'क' जीवनसत्त्वाचा गाजावाजा १९७० साली लायनस पॉलिंग यांच्या पुस्तकाने केला. नंतरच्या तपासण्यांत एवढेच उरले की ते रोज नियमाने घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटोपते, सर्वसामान्य माणसाची टळत नाही. ज्या गोष्टीचा पुरावा खरोखर भक्कम आहे तिला पैसे पडत नाहीत, म्हणून तिची जाहिरात नसते. २०१५ मधील एका अमेरिकी प्रयोगात एकशे चौसष्ट जणांच्या नाकात राइनोव्हायरस घातला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाले.

विरोध आहे तो पुडीतल्या 'कोर्स'ला. अँटीबायोटिक जिवाणूंना मारते, विषाणूला स्पर्शही करीत नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. त्यात पखालीचेही नुकसान होते, कारण आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि जे उरतात ते औषधाला सरावतात. पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एका कल्पित गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलीन आणून अर्धवट घेतो, त्याच्या घशातले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, तेच जंतू बायकोला न्यूमोनिया करतात आणि पेनिसिलीन देऊनही ती दगावते. ती गोष्ट आता कल्पित राहिलेली नाही. औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात थेट बारा लाख सत्तर हजार माणसे गेल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून अनेक अँटीबायोटिके 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद वहीत करावी लागते. ती वही आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

सर्दीच्या गोळ्यांची कथाही फार वेगळी नाही. त्यांतले नाक मोकळे करणारे म्हणून गाजलेले फेनिलएफ्रिन तोंडावाटे घेतल्यास नेहमीच्या मात्रेत काम करीत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा आदेश काढला. घरातल्या औषधांच्या डब्यातली बाटली काढून मागचे बारीक अक्षर आजच वाचावे.

अर्थात सगळ्याच खोकल्यांकडे काणाडोळा करून चालणार नाही. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, माणूस गुंगीत जाणे, ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर काढा बाजूला ठेवून इस्पितळ गाठावे. फ्ल्यूवर विषाणूविरोधी औषध आहे आणि ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केले तर उत्तम लागू पडते. मधुमेही, दमेकरी, गर्भवती आणि साठी उलटलेल्यांनी तर वाट पाहूच नये. त्यांच्यासाठी दरवर्षीची लस आहे. प्रतिकारशक्ती 'वाढवण्याचा' खराखुरा मार्ग म्हणायचा तर हाच, कारण तो तिला शत्रूचा फोटो आधी दाखवतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू घालायचे ते सुचवते. अंदाज जुळला तर लस साधारण चाळीस ते साठ टक्के आजार टाळते. हा आकडा काही जणांना थोडका वाटतो. पण पावसात निम्मे अंग झाकणाऱ्या छत्रीला आपण कधी नावे ठेवत नाही. महाराष्ट्रात फ्ल्यूचा मोठा हंगाम पावसाळ्यातला, तेव्हा लस मे-जूनमध्ये घेतलेली बरी. आजोबांच्या वाढदिवसाला शालीऐवजी ती द्यावी.

राहता राहिली विश्रांती. आजारपणात गळून जाणे, भूक मरणे, कोणाशी बोलू न वाटणे हेही प्रतिकारयंत्रणेनेच मेंदूला पाठवलेल्या निरोपांचे फळ आहे. आजारी जनावर कोपरा धरून पडते. माणसाच्या गोळीची जाहिरात मात्र सांगते, घ्या आणि कामाला लागा. म्हणून ताप दाबून कारकून लोकलला लटकतो आणि डबाभर लोकांना प्रसाद वाटतो. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाच्या दिवसांना सत्तर टक्के मजुरी मिळते, वर्षाला एक्याण्णव दिवसांपर्यंत. पण ती नोंदलेल्या कामगाराला. घरच्या बाईला रजा कोण देणार? सगळे घर आजारी असते तेव्हा मऊ भात तीच करते आणि ती आजारी पडते तेव्हाही तीच करते. घरकाम करणाऱ्या बाईंची स्थिती आणखी बिकट. त्या आल्या नाहीत तर खाडा पडतो, म्हणून अंगात ताप असताना चार घरची भांडी होतात. पहिल्या घरातल्या मुलाची शिंक घेऊन त्या तिसऱ्या घरातल्या आजोबांपर्यंत पोहोचतात आणि मग आजोबांना कोणाकडून झाले याची चर्चा आपण त्यांच्या पाठीमागे करतो. फ्ल्यूचा माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस विषाणू सोडत असतो. त्यांतले तापाचे तीन-चार दिवस खाड्यात धरायचे नाहीत, पगार पूर्ण द्यायचा आणि तेवढे दिवस घरातल्या पुरुषांनी भांडी घासायची, एवढे सोसायटीच्या पुढच्या सभेत ठरवता आले तर पाहावे.